खालच्या तुकड्याची तोडणी आणि माझ्या पश्चातची व्यवस्था

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चोपन्न, धंदा द्राक्षे पिकवणे व त्यांची वाइन करणे, त्याआधीचा धंदा पंपदुरुस्ती, आणि ज्याला आसपासची मंडळी अजूनही 'पंपवाला' म्हणतात तोच इसम, असे लिहून ठेवतो की हे लिहिताना माझे डोके ठिकाणावर आहे. पित्ताशय ठिकाणावर नाही, पण मृत्युपत्र डोक्याने लिहायचे असते. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. उलट मी हे लिहू नये म्हणून पत्नीने बरेच दडपण आणले, ते मी जुमानलेले नाही.

कारण असे. पित्ताशयात खडे झाले आहेत आणि परवा सकाळी ऑपरेशनसाठी दाखल व्हायचे आहे. तोडणी संपेपर्यंत थांबा, असे मी डॉक्टरांना सांगून पाहिले.

"खड्यांना तुमची तोडणी कळत नाही," डॉक्टर म्हणाले.

"आणि द्राक्षांना तुमचं वेळापत्रक कळत नाही," मी म्हणालो.

त्यावर त्यांनी माझ्या बरगडीखाली एक बोट दाबले आणि माझा मुद्दा संपला.

वरच्या तुकड्याची तोडणी झाली आहे, रस टाकीत फसफसतो आहे. खालच्या तुकड्यातले घड मात्र अजून वेलीवर आहेत. मी भूल घेऊन आडवा पडलेला असताना कोणी ते कच्चेच तोडले तर काय, ही मला लागलेली काळजी आहे. मरणाची त्या मानाने कमी आहे.

पत्नी म्हणाली, "अहो, पित्ताशयासाठी मृत्युपत्र कोण करतं? आठवड्यात घरी येतात माणसं."

"येतात ती येतात," मी म्हणालो. "जी येत नाहीत ती सांगायला येतात का?"

तरी व्यवस्था पुढीलप्रमाणे.

कलम पहिले. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. मागच्या तोडणीत द्राक्षे पिळायच्या प्रेसजवळ उभे राहून, सर्वांसमक्ष, मी मेहुण्याला "माझं काही तुला मिळणार नाही, दाराची कडीसुद्धा नाही" असे म्हटले होते. ते मृत्युपत्र नव्हते, मत होते. मत कायम आहे. परंतु तळघराच्या दाराची कडी त्याला देण्यात येत आहे, कारण ती त्यानेच बसवली आहे आणि लागत नाही.

कलम दुसरे. राहते घर, आतील सामानासह, पत्नीस. स्वयंपाकघराची खिडकी आधी वर उचलायची, मग डावीकडे ढकलायची, मग सोडायची. सुताराला बोलावू नये. सुताराने ती एकदा दुरुस्त केली, तेव्हापासून उचलावी लागते. माझी खुर्ची कोणालाही बसू द्यावी, मात्र मेहुण्याने तीत बसून मागच्या दोन पायांवर झुलू नये. तो झुलतो. पाय मी दोनदा बदलले आहेत.

कलम तिसरे. बँकेत जे काही असेल ते पत्नीस. किती आहे ते तिला माहीत असते. मला तिला विचारावे लागते.

कलम चौथे. माझी सर्व हत्यारे मुलीस. मुलगी बाहेरगावी रसायनशास्त्र शिकते. सुटीत येताना ती साखर मोजायचे यंत्र घेऊन येते, त्यावर रसाचा थेंब टाकते, उजेडाकडे धरून डोळा लावते आणि आकडा सांगते. आकडा बरोबर असतो. पण रसात साखर भरली म्हणजे आतली बी पिकली असे होत नाही, हे मी तिला समजावले. तिने ते शांतपणे ऐकून घेतले आणि मला संदर्भ विचारला. संदर्भ म्हणून मी तोंड उघडून दाढ दाखवली. "बाबा, हे परीक्षेत चालणार नाही," असे ती म्हणाली. असो. हत्यारे तिचीच.

हत्यारे टांगायच्या भिंतीवर प्रत्येक पान्याची आकृती मी काळ्या रंगाने काढली आहे, म्हणजे पाना जिथला तिथे जातो. एक आकृती रिकामी आहे. तो पाना मेहुण्याने नेला. तो म्हणतो नेला नाही. तेवढा एक पाना या मृत्युपत्राने मी मेहुण्यास देतो, म्हणजे तरी तो सापडेल.

कलम पाचवे. तळघर. हे मूळचे सासऱ्यांचे. मी त्यात पहिल्यांदा उतरलो तो पंप दुरुस्त करायला. पंप जेवणाच्या वेळेपर्यंत झाला. मी तसा अजून वर आलेलो नाही. सासऱ्यांनी मजुरीबरोबर एक ग्लास पुढे केला आणि विचारले, "कशी वाटली?" मी म्हणालो, "गाळ आहे. पंपात होता तोच." त्यांच्या मुलीला हसू आले. पुढचे सर्वांना माहीत आहे.

वाइन मला कोणी शिकवली नाही. रद्दीतून वजनावर घेतलेली पुस्तके, स्वतःची जीभ आणि वाया गेलेली पिंपे, यांवर मी शिकलो. भिंतीवर लावायला माझ्याकडे एकही प्रमाणपत्र नाही. तिथे पाने टांगले आहेत.

तळघरातला माझा अर्धा हिस्सा पत्नीस. दुसरा अर्धा मेहुण्याचा आहेच. टाकीतला रस आंबताना साली वर येतात आणि त्यांचा जाड थर धरतो. तो थर सकाळ-संध्याकाळ लाकडी दांड्याने खाली ढकलावा लागतो, नाहीतर वरच्या वर आंबूस होतो. हा दांडा मेहुण्यास, कारण खांदे त्याचे आहेत. अट एवढीच की दांड्याला दोन्ही हात लावावेत. सध्या तो एका हाताने ढकलतो आणि दुसऱ्या हाताने फोनवर बोलतो. त्यामुळे टाकीला निम्मेच ढवळणे मिळते आणि फोनवरच्या माणसाला वाटते की हा मला रागाने धापा टाकत ऐकतो आहे.

जिन्यापासून तिसरे पिंप पाझरते. पिंपवाल्याचे म्हणणे असे की पिंप उत्तम आहे, माझी वाइनच पातळ आहे. या मुद्द्यावर आमचे बोलणे बंद होते. सध्या मला साक्षीदार हवा असल्यामुळे ते चालू आहे. ते पिंप त्याला परत द्यावे, पण आत वाइन भरून, आणि त्याच्या बैठकीच्या खोलीत नेऊन ठेवावे.

कलम सहावे. एका स्पर्धेत माझ्या वाइनबद्दल एका परीक्षकाने 'प्रामाणिक' असा शेरा दिला. शेरा एका शब्दाचा होता. मी कागद उलटून मागे पाहिले. माणसाला प्रामाणिक म्हणणे ठीक आहे. वाइनला म्हणणे म्हणजे मुलगी बघून आल्यावर 'मुलीचं अक्षर चांगलं आहे' असे सांगण्यासारखे आहे. या परीक्षकास माझ्या पश्चात दरवर्षी एक बाटली पाठवावी. चिठ्ठी लावू नये, नाव लिहू नये. त्याला काय म्हणायचे ते त्याने एकट्याने म्हणावे.

कलम सातवे. हे कलम मुख्य आहे. ज्यांना वेळ नसेल त्यांनी बाकीची सोडून हे वाचावे.

वाटणीत सासऱ्यांनी वरचा तुकडा मेहुण्याला दिला आणि खालचा पत्नीला व मला. खालच्या तुकड्यातल्या वेली जुन्या आहेत. खोडे मांडीएवढी जाड, घड लहान, मणी लहान, साल जाड. पीक कमी येते. पण या घरच्या वाइनला जे काही नाव आहे ते या तुकड्यामुळे आहे, हे मेहुणाही मान्य करतो, फक्त माझ्यासमोर करत नाही. तुकडा पत्नीचाच राहील. कलम त्याबद्दल नाही. तोडणीचा दिवस कोणी ठरवायचा, याबद्दल आहे.

आमच्या घरात तो दिवस दाढेने ठरतो. मणी तोंडात टाकायचा, रस गिळायचा, साल चघळून थुंकायची आणि राहिलेली बी मागच्या दाढेखाली घ्यायची. कच्ची बी हिरवी असते. ती चिरडते आणि तोंड तुरट करून जाते. पिकलेली बी तपकिरी असते आणि भाजलेल्या दाण्यासारखी कट् करून फुटते. दाढ ज्याची, तो ओळीच्या तोंडाशी उभा राहून "तोडा" म्हणतो. त्याआधी कात्रीला कोणी हात लावत नाही.

हा अधिकार सासऱ्यांकडे कधीच नव्हता. तो सासूबाईंकडे होता. मग त्यांच्या दाढा गेल्या आणि कवळी आली. कवळीखाली बी घसरते. त्या वर्षी सासूबाई ओळीच्या तोंडाशी कितीतरी वेळ जबडा हलवत उभ्या राहिल्या. शेवटी बी हातात काढून त्यांनी ती पाहिली, पदराला पुसली, आणि माझ्याकडे वळल्या.

"जावईबापू, दाढा शाबूत आहेत?"

"आहेत."

"मग चावा. शोभेला काय उभे राहता?"

एवढाच समारंभ. पोटचा मुलगा शेजारी उभा असताना त्यांनी हा मान मला दिला. मेहुण्याच्या दाढा चांगल्या आहेत, पण त्याला दम नाही. त्याच्या तोंडात कुठलीही बी टाका, तो "झालं!" म्हणतो. त्याच्या मते प्रत्येक द्राक्ष कालच पिकलेले असते. माझ्या तोंडात आजही सर्व दाढा माझ्या स्वतःच्या आहेत. हे मी पात्रता म्हणून नोंदवतो.

मान मिळाला, कौतुक नाही मिळाले. दरवर्षी मी बी चावतो तेव्हा सासूबाई माझ्या खांद्याला खेटून उभ्या असतात. मी "तोडा" म्हटले की त्या म्हणतात, "घाई केलीत." नाहीतर म्हणतात, "उशीर केलात." एकदाच काही म्हणाल्या नाहीत, त्या वर्षी त्यांना ताप होता. त्या माझ्यावर पाळत ठेवायला उभ्या राहतात, असे मी धरून चाललो होतो.

आता भीती कशाची ते लिहितो. तोडणीची माणसे मेहुणा आणतो. या आठवड्यानंतर ती दुसऱ्या बागेत जाणार आहेत. मी दवाखान्यात गेलो की मेहुणा माणसे रिकामी बसू देणार नाही. हा अंदाज नाही. मागे एकदा मी एका लग्नाला गेलो होतो. परत आलो तर खालचा तुकडा बोडका. "दाजी, माणसं नुसती बसली होती हो," हे त्याचे स्पष्टीकरण. ती वाइन अजून तळघरात आहे. घोट घेतला की दोन्ही गाल आतून एकमेकांना भेटतात. मी गेल्यावर भेटायला येणाऱ्यांना हीच वाइन द्यावी, म्हणजे डोळ्यांत पाणी येईल.

द्राक्ष थोडे जास्त पिकले तर वाइन सांभाळून घेते. कच्चे तोडले तर घेत नाही.

सबब मी असे लिहून ठेवतो की माझ्या पश्चात, खालच्या तुकड्यातला एकही घड, त्यातली बी तपकिरी होऊन दाढेखाली कट् असा आवाज करेपर्यंत, कोणीही, विशेषतः मेहुण्याने, कोणत्याही कारणाने, विशेषतः माणसे बसली आहेत या कारणाने, तोडू नये.

कलम सातवे येथे संपते.

कलम आठवे. कलम सातवे लिहून झाल्यावर आज सकाळी मी हे कागद वकिलाला वाचून दाखवले. वकील आमच्याकडचे जुने गिऱ्हाईक आहे. त्याने डोळे मिटून ऐकले. सातवे कलम संपल्यावर डोळे उघडले.

"छान आहे. हे लागू कधी होणार?"

"म्हणजे?"

"मृत्युपत्र आहे ना? माणूस गेल्यावर लागू होतं."

"मग होईल की गेल्यावर."

"आणि नाही गेलात तर?" वकिलाने विचारले. "तुम्ही दवाखान्यात, जिवंत. हा कागद कपाटात. आणि मेहुणा बागेत."

मी कलम पुन्हा वाचले. त्यात कुठेही चूक नव्हती. सगळी चूक माझ्या जिवंत राहण्यात होती.

"म्हणजे द्राक्षं वाचवायची तर मला मरावं लागेल?"

"कायद्याने तसंच आहे," वकील म्हणाला. त्याला वाईट वाटल्यासारखे दिसले.

मागे पत्नी बाटल्या पुसत होती. ती म्हणाली, "एवढ्यासाठी मरू नका. लोक काय म्हणतील!"

वकिलाने सुचवले की सोपा मार्ग आहे, जाण्याआधी घरातल्या कोणाला तरी तोंडी सांगून जायचे, की मी येईपर्यंत तू ठरव. सोपा मार्ग सुचवणाऱ्याला आमचे घर माहीत नाही. पत्नी बी चावत नाही. तिच्या अंगावर काटा येतो, ती आख्खी गिळते. मुलीची परीक्षा चालू आहे. मेहुण्याला सांगणे म्हणजे तोडायला सांगणे. राहिल्या सासूबाई. त्यांच्याकडे सगळे आहे, दाढा नाहीत.

वकील असेही म्हणाला की आता सातवे कलम काढून टाका आणि स्वच्छ प्रत करा. मी काढत नाही. मृत्युपत्रात खाडाखोड दिसली की पुढे भांडणे होतात. पुढे काय झाले तेच लिहितो.

आम्ही दुपारी जेवायला द्राक्षे निवडायच्या लांब टेबलाशी बसलो. मेहुण्याने खालच्या तुकड्यातला एक घड न विचारता तोडून आणला होता आणि तो मणी तोंडात टाकत होता. सासूबाई टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, आमच्याकडे पाठ करून, पेल्यात कवळी विसळत होत्या.

"हिरवी आहे. थुंक," त्या म्हणाल्या.

मेहुण्याने बी तळहातावर थुंकली. मधोमध चिरडलेली, आत हिरवी.

त्याने दुसरा मणी घेतला. सासूबाई वळल्या नाहीत. "ही बरी आहे."

तपकिरी.

मेहुण्याचे तोंड उघडेच राहिले. मी घडातला एक मणी काढला, रस गिळला, साल काढली आणि बी नेहमीप्रमाणे उजव्या दाढेखाली घेऊन चावली.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही डावीकडच्या दाढेनं चावत जा. उजवीकडची तुमची खोटं बोलते."

"आई, तुम्हाला हे ऐकू येतं?"

त्या वळल्या. कवळी तोंडात बसवली, टाळू दाबून पाहिली. "नाहीतर इतकी वर्षं तुमच्या खांद्याला काय ऊब घ्यायला उभी राहते?"

उजव्या दाढेला मागे चांदी भरलेली आहे. हे मी येथे फक्त माहितीसाठी लिहितो.

मग मी विचारले. मला कोणाला काही विचारायची सवय नाही, त्यामुळे वाक्य फार लांबले. त्यात खड्यांचा उल्लेख आला, माणसांचा आला, हवामानाचाही आला. सासूबाई पूर्ण ऐकून घेऊन म्हणाल्या, "थोडक्यात, मी ठरवू?"

"हो."

"तसं म्हणा की मग तोंडाने."

"तुम्ही ठरवा."

"दाढा ह्याच्या आणि कान माझे?" त्यांनी हनुवटीने मेहुण्याकडे दाखवले.

"आई, मी काय पक्कड आहे का?" मेहुणा म्हणाला.

"पक्कड असतास तर बोलला नसतास. ऊठ."

आम्ही सगळे खालच्या तुकड्यात गेलो. पत्नीही आली, हात पुसायचे फडके तिच्या खांद्यावरच होते. माणसे वरच्या बांधावर क्रेट उलटे घालून बसली होती, ती उठून पाहू लागली.

सासूबाई पहिल्या ओळीच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. त्यांनी मेहुण्याला मान खाली करायला लावली आणि आपला कान त्याच्या गालाला लावला.

"श्वास बंद कर."

"श्वास बंद करून चावू कसा?"

"शाळेत पेन्सिल चावायचास तसा. गाल आत घे. आता चाव."

त्याने चावली.

"दुसऱ्या वेलीवरची."

त्याने पुन्हा चावली. अशा त्या ओळीने पुढे पुढे गेल्या, मेहुण्याचा कान धरून, म्हणजे खरोखरच कानाला धरून; तो वाकलेला, तोंडात बी आणि डोळ्यांत पाणी. सावलीतली वेल, उन्हातली वेल, भिंतीलगतची वेल. प्रत्येक वेलीपाशी त्या थांबत, ऐकत आणि पुढे जात. बांधावरून कोणीतरी हसले. सासूबाईंनी त्या दिशेला नुसता हात वर केला आणि बांध गप्प झाला.

शेवटच्या ओळीत, भिंतीपाशी, सगळ्यात उशिरा पिकणाऱ्या वेली आहेत. तिथला मणी मेहुण्याने तोंडात टाकला. मी हातभर अंतरावर उभा होतो. कट् असा आवाज मला ऐकू आला. पत्नीलाही आला असावा, कारण तिने माझ्याकडे पाहिले. मेहुण्याचे डोळे मोठे झाले.

"आई, झा—"

सासूबाईंनी त्याच्या पायावर पाय दिला. कान त्याच्या गालावरून काढला नाही.

"अजून नाही," त्या म्हणाल्या.

बांधावरची माणसे पुन्हा क्रेटवर बसली.

"जावईबापू, तुम्ही जाऊन या. ते खडे काय ते काढून या. हा तुकडा एक नंबरचा हट्टी आहे, तुम्ही आल्याशिवाय पिकायचा नाही."

मेहुणा पाय चोळत उभा राहिला. त्याने आईकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"हो दाजी," तो म्हणाला. "कच्चीच आहे. माणसांना मी थांबवून धरतो. नाही थांबली तर घरचे मिळून तोडू. तुम्ही बिनघोर जा."

आयुष्यात पहिल्यांदा मेहुण्याने एखाद्या बीला कच्ची म्हटले, आणि ती नेमकी पिकलेली होती.

मीही एक मणी तोंडात टाकला होता. बी डाव्या दाढेखाली घेतली होती. तिने काय सांगितले ते मी येथे लिहीत नाही. सासूबाईंनी निर्णय दिला होता आणि निर्णयाचा अधिकार मी त्यांना सर्वांसमक्ष, तोंडाने, दिलेला होता. मी एवढेच म्हणालो, "बरं."

परत येताना सासूबाई माझ्या पुढे चालत होत्या. बांधावर चढताना त्यांनी मागे न बघता हात मागे केला आणि मी तो धरला. चढून झाल्यावर त्यांनी तो काढून घेतला आणि म्हणाल्या, "दवाखान्यात दाढेला हात लावू देऊ नका कोणाला. ते लोक एक काढायला घेतात आणि दुसरं काढतात."

कलम नववे व शेवटचे. सबब कलम सातव्याची आता गरज उरलेली नाही. ते खोडलेले नाही, परंतु पाळण्याची जबाबदारी जिवंत माणसांनी घेतली आहे, आणि हे कागदापेक्षा बरे. खालचा तुकडा मी परत येऊन "तोडा" म्हणेपर्यंत सासूबाईंच्या कानांच्या ताब्यात राहील. मेहुण्याच्या दाढा त्यांच्या हुकमात राहतील. परत आल्यावर मी डाव्या दाढेने चावीन.

त्यानंतर सासूबाई "उशीर केलात" असे म्हणाल्या तर ते मी मान्य करीन. फक्त याच वर्षी.

हे मृत्युपत्र यंदाची तोडणी पुरी होण्याआधी कोणीही अमलात आणू नये. त्यासाठी मी तोवर जिवंत राहण्याचे कबूल करतो. बाकी सर्व कलमे मी वर लिहिल्याप्रमाणे, शब्दाला शब्द, माझ्या इच्छेची आहेत, आणि ती मी स्वतःच्या अक्षरात, कोणाकडूनही शुद्धलेखन तपासून न घेता, लिहिलेली आहेत.

कागदाच्या कोपऱ्यांवरचे जांभळे डाग रसाचे आहेत. तोडणीच्या दिवसांत या घरात स्वच्छ हात मिळत नाहीत. डागांवरून कोणी संशय घेऊ नये.

ठिकाण: द्राक्षे निवडायचे टेबल, प्रेसच्या बाजूचे टोक.
दिनांक: ऑपरेशनच्या दोन दिवस आधी, दुपारच्या चहानंतर.

(सही) लिहून ठेवणारा, पंपवाला

साक्षीदार पहिला:
वरील गृहस्थांनी माझ्या डोळ्यांसमोर सही केली. सही करताना हात कापला नाही. मला यात काय मिळते आहे ते मी वाचलेले नाही, कारण साक्षीदाराने वाचायचे नसते असे त्यांनी मला बजावून सांगितले.
(सही) पिंपवाला

साक्षीदार दुसरा, व वैद्यकीय दाखला:
मी आज यांच्या घरी येऊन यांना तपासले. ते पूर्ण शुद्धीवर असून आपण काय लिहीत आहोत हे त्यांना कळते. किंबहुना थोडे जास्तच कळते. ऑपरेशनला हरकत नाही. आणखी एक नोंद करतो. मी सही करत असताना यांच्या सासूबाईंनी माझ्या गळ्यातला स्टेथोस्कोप काढून घेतला आणि त्या आपल्या मुलाला घेऊन बागेकडे गेल्या. "जावई येईपर्यंत रोज ऐकावं लागेल, माझे कान म्हातारे झालेत," एवढेच सांगून गेल्या. तो मला परवा सकाळपर्यंत परत मिळावा. पेशंट माझ्याकडेच येणार आहे, आणि मलाही काहीतरी ऐकावे लागते.
(सही) डॉक्टर